पानांचा रात्रखर्च

नागपूरचा माणूस मे महिन्यात कमाल तापमानावर जगतो. सकाळी पेपर हातात आला की आधी तो आकडा. काल चंद्रपूर पुढे होतं की आपण? ब्रह्मपुरीनं बाजी मारली का? अकोल्याचं काय? पारा ४५ च्या खाली असला तर थोडी निराशाच होते. एवढं सोसलं आणि शेवटी ४४.६ च! २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि तो दिवस रस्त्यावर काढलेली माणसं अजूनही त्याबद्दल छाती फुगवून बोलतात. २०२४ च्या मे अखेरीला तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर चक्क ५६ अंश उमटले आणि देशभर नागपूरचं नाव गाजलं. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. पण तोवर आकडा व्हॉट्सॲपवरून पार परदेशातल्या नातेवाइकांपर्यंत पोचला होता, आणि खुलासा आल्यावर काही जण हिरमुसलेसुद्धा.

त्याच बातमीत कमालच्या शेजारी आणखी एक आकडा छापलेला असतो. किमान. २८, २९, एखाद्या रात्री ३० च्याही वर. त्याच्याकडे कोणी बघत नाही. रात्रभर कूलरसमोर तळमळून काढलेली माणसंसुद्धा सकाळी कमालच विचारतात. मला मात्र गेली काही वर्षं तो दुसरा आकडाच जास्त छळतो, आणि त्याचं कारण माझी झोप नाही. कारण घरासमोरचा पिंपळ आहे, काटोलकडची संत्र्याची बाग आहे आणि अकरावीचा वर्ग आहे.

कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना एका प्रश्नावर वर्ग दरवर्षी हमखास फसतो. झाडं श्वसन कधी करतात? उत्तर एकसुरात येतं, "रात्री!" दिवसा झाडं ऑक्सिजन सोडतात, रात्री कार्बन डायऑक्साइड, म्हणून रात्री झाडाखाली झोपू नये, हे पोरांनी आजीकडून ऐकलेलं असतं आणि ते काही केल्या पुसत नाही. खरं तर पान चोवीस तास श्वसन करतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा जोर इतका असतो की श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पानातल्या पानातच वापरला जातो आणि बाहेर त्याचा पत्ताही लागत नाही. सूर्य मावळला की साखर बनणं थांबतं. साखर जाळणं तेवढं उरतं.

जाळायची कशासाठी? झाडाच्या पानाला रात्री असं काय काम असतं? पुष्कळ असतं. दिवसभर उन्हात झिजलेली प्रथिनं काढून नवी घालायची, पेशींच्या पातळ पटलांच्या अलीकडे-पलीकडे क्षारांचं प्रमाण राखायचं, दिवसा केलेली साखर शिरांतून खोडाकडे, मुळांकडे, फळाकडे रवाना करायची. या सगळ्याला ऊर्जा लागते आणि ती तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, साखर जाळूनच मिळते. वर्षभरात हवेतून मिळवलेल्या कार्बनपैकी ढोबळमानानं निम्मा कार्बन झाडं स्वतःच असा खर्चून टाकतात, आणि त्या खर्चात पानांचा वाटा फार मोठा. सगळ्या पृथ्वीवरच्या वनस्पतींचा हा खर्च मांडला तर तो वर्षाला सुमारे ६० अब्ज टन कार्बन भरतो. कोळसा आणि तेल जाळून माणूस जेवढा कार्बन हवेत सोडतो, त्याच्या जवळपास सहापट.

हा आकडा ऐकून मागच्या बाकावरचा एखादा पोट्टा म्हणतोच, "म्हणजे मॅडम, प्रदूषण झाडंच करून राहिले!" नाही रे बाबा. झाडानं सोडलेला कार्बन झाडानंच आधी हवेतून उचललेला असतो. आपण सोडतो तो कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पुरलेला. पण प्रश्न अगदीच वाया जाणारा नाही. ६० अब्ज टनांच्या खर्चात थोडी जरी वाढ झाली, तरी ती हवेला जाणवण्याइतकी असणार. म्हणूनच तापमान वाढलं की पानांचं श्वसन किती वाढतं, याच्या मागे जगभरचे शास्त्रज्ञ हात धुऊन लागले आहेत.

रात्री झाडं काय करतात याचा पहिला नीट पुरावा १७७९ सालचा. यान इंगेनहाउस नावाच्या डच डॉक्टरनं त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पानं पाण्यात बुडवून, उन्हात आणि अंधारात ठेवून त्यांच्यातून निघणारी हवा तपासली. उन्हात हिरवी पानं हवा सुधारतात, अंधारात बिघडवतात, हे त्यानं दाखवलं. रात्रीच्या झाडांची त्याला जरा जास्तच धास्ती वाटली होती, आणि आमच्या आज्यांनाही तीच वाटते. उघड्या अंगणात झाडाखाली बाज टाकून झोपलेल्या माणसाला त्या झाडाच्या कार्बन डायऑक्साइडनं काहीही होत नाही. शेजारच्या बाजेवर घोरणारे काकाही तोच वायू सोडत असतात. आणि पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, हा जो संदेश दर वटपौर्णिमेच्या आसपास फिरतो, तोही सोडून द्यावा. ऑक्सिजन निघतो तो पाण्याच्या रेणूचे तुकडे होताना, आणि त्याला उजेड लागतो. निवडुंग, घायपात अशा मंडळींची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात हे खरं, पण रात्री ऑक्सिजन तीही देत नाहीत.

वर्गात हे सगळं सांगून पटत नाही म्हणून एक जुना प्रयोग करून घेते. जास्वंदीचं एक पान संध्याकाळी, ऊन उतरताना तोडायचं. दुसरं, त्याच झाडाचं आणि साधारण तेवढंच, सकाळी फटफटायच्या आधी. दोन्ही आधी उकळत्या पाण्यात टाकायची. मग स्पिरिटच्या नळीत घालून ती नळी गरम पाण्याच्या भांड्यात उभी करायची. थेट ज्योतीवर नाही, स्पिरिट पेट घेतं. हळूहळू स्पिरिट हिरवं होत जातं आणि पान फिकट, पांढुरकं, खडखडीत. ते पाण्यात बुडवून मऊ केलं आणि पांढऱ्या बशीत पसरून वर आयोडीनचे थेंब सोडले की संध्याकाळचं पान बघता बघता काळंनिळं होतं, आधी शिरांच्या मधला भाग, मग कडा. पहाटेचं पान नुसतं पिवळट तपकिरी राहतं. आयोडीनचाच रंग. पानात दिवसा साठलेलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, रात्रीतून संपलेलं असतं: काही श्वसनात गेलं, काही साखर होऊन खोडाकडे निघून गेलं.

हे संपणंही फार नेमकं असतं. मोहरीच्या कुळातलं ॲरॅबिडॉप्सिस नावाचं एक किरकोळ रोप आहे, प्रयोगशाळांचं लाडकं. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की हे रोप संध्याकाळी शिल्लक असलेलं पिष्ट आणि पहाटेपर्यंतचे तास यांचा भागाकार केल्यासारखं वागतं. साठा बरोबर उजाडण्याच्या सुमाराला संपेल, अशा बेतानं ते पिष्ट खर्च करतं. अंधार नेहमीपेक्षा लवकर केला तर वेग कमी करतं. महिनाअखेरपर्यंत पगार पुरवणारी गृहिणीच. आमच्या घरात हे गणित मला अजून जमलेलं नाही, ते असो.

आता या घरखर्चात उष्णता आली की काय होतं ते बघा. श्वसन ही शेवटी विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मदतीनं चालणारी रासायनिक क्रिया, आणि अशा क्रिया गरमीत जोर धरतात. पुस्तकी नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं तर पानाचं श्वसन साधारण दुप्पट होतं. नियम काटेकोर नाही. थंडीत वाढीचा वेग दुपटीहून जास्त असतो आणि जसजसं गरम होत जाईल तसतसा तो कमी होतो. पण हिशेबापुरता धरू. नागपूरची जानेवारीतली रात्र १२-१३ अंशांची, मे महिन्यातली २८-२९ ची. म्हणजे तेच पान, दुसरं काहीही न बदलता, जानेवारीच्या रात्रीपेक्षा मेच्या रात्री जवळपास तिप्पट साखर जाळणार. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांपर्यंत पारा उतरला होता; त्या रात्रीशी तुलना केली तर पटीची संख्या आणखी कितीतरी वर जाईल.

बरं, खर्च वाढला तर मिळकतही वाढेल, असं कोणी म्हणेल. इथेच गोम आहे. प्रकाशसंश्लेषणाला गरमी एका मर्यादेपर्यंतच मानवते. बहुतेक झाडांची मिळकत पंचविशी ते पस्तिशीच्या दरम्यान कुठेतरी शिखर गाठते आणि मग घसरते. कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराला चालू ठेवणारं एक मदतनीस प्रथिन आहे, ते गरमीला फार नाजूक. ते ढिलं पडलं की पकडण्याचं कामच मंदावतं. त्यातच मे महिन्यातली कोरडी हवा. ज्या कोरडेपणामुळे आमचे कूलर इतके झकास चालतात, त्याच कोरडेपणामुळे पान पाणी वाचवायला पर्णरंध्रं मिटून घेतं. रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि पाण्याची वाफ होऊन पानाला मिळणारा गारवाही बंद होतो. पान आणखी तापतं. श्वसन मात्र चाळिशी ओलांडली तरी चढतंच राहतं. ते कोसळतं पन्नाशीच्याही पुढे. म्हणजे नागपुरातली मे महिन्यातली दुपार म्हणजे दुकान बंद आणि मीटर चालू.

पान किती तापतं हे मोठ्या मजेचं प्रकरण आहे. एसी दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याकडे तापमान मोजायची बंदूक आहे, कोरोनात कपाळावर रोखायचे तसलीच, पण जास्त पल्ल्याची. ऑक्टोबरच्या उन्हात गोरेवाड्याच्या बाजूला आम्ही ती पानांवर रोखून पाहिली. मे महिन्यात नाही, कारण तेव्हा सागाला पानंच नसतात. सागाचं पान सुपाएवढं, खरखरीत, उन्हाला तोंड करून आडवं. त्याच्यावर लाल ठिपका पडला की आकडा हवेपेक्षा चांगलाच वर. शेजारच्या कडुनिंबाची बोटभर पात मात्र जवळपास हवेइतकीच. मोठ्या पानाच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक जाडसर थर स्थिर राहतो आणि उष्णता निघून जायला वेळ लागतो. लहान पात वाऱ्याच्या एका झुळकीत मोकळी होते. विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, हे तर आमच्या कंडेन्सरच्या पट्ट्यांसारखंच झालं." मी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. अकरावीत कधी दिले नव्हते.

२०२३ मध्ये एक अभ्यास बराच गाजला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसवलेल्या उपकरणानं उष्णकटिबंधातल्या जंगलांच्या माथ्याचं तापमान मोजलं गेलं. अशा झाडांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा सरासरी ४६.७ अंशांच्या आसपास मोडायला लागते. त्या मर्यादेपलीकडे जाणारी पानं सध्या अगदीच थोडी, दहा हजारात एखादं, असं निघालं. हे वाचून हायसं वाटलं, पण हा अभ्यास सदाहरित जंगलांचा. त्यातही पुन्हा कमालचीच गोष्ट. पान करपून मरतं का, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण न करपलेलं, हिरवंगार दिसणारं पान रोज रात्री थोडं थोडं तोट्यात जातं का, हे बघायला कोणी फारसं थांबत नाही.

थांबलेल्यांपैकी एक जोडपं कोस्टा रिकात काम करणारं. डेबोरा आणि डेव्हिड क्लार्क. ला सेल्व्हाच्या पावसाळी जंगलात मोठ्या झाडांचे घेर ते वर्षानुवर्षं मोजत राहिले. १९८४ ते २००० या काळातली मापं त्यांनी तापमानासमोर मांडली तेव्हा दिसलं की ज्या वर्षी रात्री जास्त उबदार, त्या वर्षी झाडांची वाढ कमी. हा निबंध २००३ चा. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजण्यासाठी जगभर नावाजलेले चार्ल्स कीलिंगही त्याच्या लेखकांत होते. पुढच्याच वर्षी फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून तसाच निकाल आला, तोही धानाचा, म्हणजे आमच्या भंडारा-गोंदियाच्या जिव्हाळ्याचा. तिथल्या शेतांवर कोरड्या हंगामात किमान तापमान एका अंशानं वाढलं की धानाचं उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. कमाल तापमानाचा तसा ठळक परिणाम दिसला नाही. रात्रीच्या वाढलेल्या श्वसनाकडे तेव्हा अनेकांनी बोट दाखवलं. एकट्या श्वसनालाच दोष द्यावा की फुलोरा, परागण यांचंही त्यात काही असतं, यावर पुढे वाद झाले आणि ते योग्यच होते. पण किमानच्या रकान्याकडे बघायला हवं, एवढं त्यातून नक्की झालं.

काटोलकडच्या माझ्या मावसभावाला यातलं काहीही सांगावं लागलं नाही. त्याची संत्र्याची बाग आहे, आंबिया बहाराची. डिसेंबरात पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा, जानेवारीत ताण तोडून पाणी सुरू करायचं, फेब्रुवारीत फुलं, आणि मग मे महिन्यात लिंबाएवढी हिरवी फळं झाडावर टिकवायची ही सगळी कसरत. संध्याकाळी धुऱ्यावर बसून तो म्हणाला, "ताई, दिवसाचं ऊन झाड सोसून घेते. पण रात्री गार नाई झालं ना, तर सकाळी खाली फळाचा सडा. मोजत बसा मंग." फळगळीला कारणं पुष्कळ असतात: पाण्याची ओढ, संजीवकांचा असमतोल, किडी, बुरशी. एकट्या रात्रीच्या माथी मारणं शास्त्राला धरून होणार नाही, आणि मी ते त्याला सांगितलंही. त्यानं मान डोलावली आणि ड्रिपचा कॉक बघायला उठून गेला. पण मला त्याच्या बोलण्यातलं शहाणपण कळत होतं. संत्र्याला पानं झाडून मोकळं होता येत नाही. ते सदाहरित. मे महिन्यातल्या प्रत्येक रात्री, प्रत्येक पानाचा खर्च त्याला भागवावाच लागतो, आणि त्यातून जे उरेल ते फळांना.

आमच्याकडची रानटी झाडं यात मला जास्त हुशार वाटतात. सागानं ऊन चढायच्या आधीच पानं उतरवायला घेतलेली असतात. पळस, बहावा, मोह यांची तऱ्हा निराळी, पण पाण्याच्या टंचाईत जुन्या पानांचं ओझं टाकायचं हे सूत्र तेच. शाळेत आपण शिकतो की पानगळ पाणी वाचवण्यासाठी असते, आणि ते खरंच आहे. पण पान नाही म्हणजे त्या पानाचा रात्रीचा खर्चही नाही, हा फायदा त्याला जोडूनच येतो. पेंचच्या रस्त्यानं एप्रिलमध्ये जाताना मुंबई-पुण्याचे पाहुणे खिडकीतून बघून हळहळतात, "अरेरे, सगळं जंगल वाळलंय!" वाळलेलं नसतं. काटकसरीत असतं.

उलटं धाडस पिंपळाचं. ऐन मार्च-एप्रिलमध्ये, ऊन चढत असताना, तो तांबूस, लकाकणारी कोवळी पालवी काढतो. कोवळं पान सगळ्यात खर्चीक. बांधणी चालू असते, आणि स्वतःची मिळकत अजून सुरू झालेली नसते. हा सगळा पैसा खोडात, मुळांत साठवलेल्या जुन्या पिष्टातून येतो. तेंदूचंही तसंच. आमच्याकडे तेंदूपत्ता तोडला जातो तो रणरणत्या मे महिन्यातच, म्हणजे ती पानं घडतातच भट्टीत.

आणि भट्टीत घडलेलं पान वेगळं असतं. ही या सगळ्या गोष्टीतली आशेची बाजू, आणि ती मी मुद्दाम लवकर सांगितली नाही. दहा अंशांना दुप्पट हा नियम अचानक तापवलेल्या पानाचा आहे. पानाला काही दिवस, काही आठवडे त्याच गरमीत राहू दिलं तर ते आपला खर्च खाली आणतं. गरमीतच उमललेलं पान तर ते आणखी चांगलं करतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जंगलातच दिवे आणि जमिनीखालून तारा लावून झाडं वर्षानुवर्षं ३.४ अंशांनी गरम ठेवली गेली. दहा जातींच्या झाडांवरच्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. झाडं जुळवून घेत नसती तर पानांचं श्वसन सरासरी २३ टक्क्यांनी वाढायला हवं होतं. वाढलं फक्त ५ टक्के. हे वाचलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं "वा!" म्हटलं, आणि रसायनशास्त्राच्या सरांना वाटलं महागाई भत्ता जाहीर झाला.

मिनेसोटा म्हणजे नागपूर नव्हे, हेही लगेच लक्षात घ्यायला हवं. तिथली झाडं थंडीतली. तीन अंश वाढले तरी तिथली गरमी आपल्या मे महिन्याच्या जवळपासही येत नाही. आपली आधीच काठावर उभी. शिवाय त्याच मिनेसोटातल्या प्रयोगातून पुढे हेही दिसलं की मातीत ओल असेल तरच गरमीत प्रकाशसंश्लेषणाला बरे दिवस येतात. माती कोरडी पडली की तो लाभ जातो आणि नुकसान सुरू होतं. झाड जुळवून घेईल, पण त्याच्या पायाशी पाणी मुरू द्या, असा त्याचा मला लागलेला अर्थ.

आणि आपण नेमकं तेच करत नाही. आमच्या कॉलनीतला रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले, मीही खाल्ले. ठेकेदारानं सिमेंट थेट पिंपळाच्या बुंध्याला टेकवलं. दुपारभर ऊन प्यायलेला तो रस्ता रात्री अकरा वाजताही पायाला चटका देतो. आमच्या गच्चीवर पूर्वी संध्याकाळी पाणी शिंपडून रात्री गाद्या टाकायचे; आता पहाटेपर्यंत फरशी निवत नाही. शहराच्या मध्यावर, सीताबर्डी-धंतोलीकडे रात्र जितकी कोंदट असते तितकी ती सेमिनरी हिल्सच्या किंवा अंबाझरीच्या बाजूला नसते, हे गाडीवरून रात्री जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. दिवसाची उष्णता सूर्याची, तिच्यापुढे आपलं चालत नाही. पण रात्रीच्या उष्णतेत आपला वाटा मोठा आहे. तिचा बोजा त्या रस्त्याकडेच्या झाडांवर पडतो आणि ती झाडं तक्रार करत नाहीत. फार तर त्यांचा घेर वाढायचा थांबतो. तो कोण मोजतंय?

बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडायला आम्ही चार शेजारी मिळून घण घेऊन उभे राहिलो. दोन हात रुंदीचं आळं मोकळं झालं. त्यात आता शेजारच्या काकूंचं भांडी विसळलेलं पाणी जातं.

छाटणीचं मात्र अजून जमलेलं नाही. दर मे महिन्यात, नवतपाच्या, म्हणजे महिनाअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांच्या, सुमाराला, विजेच्या तारांखालच्या फांद्या उतरवायला शिडी आणि कोयते घेऊन माणसं येतात. वादळी पावसात फांदी तारेवर पडू नये हा हेतू बरोबरच आहे; जूनच्या पहिल्या वादळात अंधारात बसलेल्यांना तो पटवून द्यायला नको. पण वेळ बघा. पिंपळानं खोडातली शिल्लक मोडून पालवी काढली, ती हिरवी, जाड झाली, आता कुठे कमवायला लागली, आणि आपण ती अर्धी कापून नेतो. खर्च सगळा झाडाचा झाला आणि मिळकत कचऱ्याच्या गाडीत. हीच छाटणी थंडीत, जुनी पानं गळण्याआधी केली तर झाडाला पुष्कळ स्वस्त पडेल. या वर्षी शिडीवरच्या माणसाला मी हे सगळं खालून ओरडून सांगितलं, पिष्टासकट. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "मॅडम, मी तारेले लागते तेवढंच काढतो, बाकी राहू देतो." आणि खरंच तेवढंच काढलं. पाणी प्यायला गेटपाशी आला तेव्हा मी म्हटलं, पुढच्या वेळी डिसेंबरात याल का? तर म्हणे, "डिसेंबरात आमची ड्यूटी दुसरीकडे असते. तुम्ही वर अर्ज द्या."

अर्ज दिला आहे. त्यात किमान तापमानाचा रकानाही जोडला आहे, मार्चपासूनचा, रोजचा.